छापा, काटा

कोळशाच्या खाणीतून आलेलं नाणं
ल्युबिंका गुलाबाच्या काट्यानं कोरतेय.
सुईनं चांदी दुखावते, काट्यानं नाही,
हे तिला डॅन्यूबपलीकडच्या
एका म्हाताऱ्या सोनारानं शिकवलं.

छाप्याला सम्राज्ञी.
सातआठ पेडांचा घट्ट अंबाडा,
नाक जरा जास्तच ओळखीचं:
मिलेवा आत्या भांडायला निघाली
की अशीच दिसायची.

काट्याला शील.
बसलेली बाई, एका हातानं
डोक्यावरचा पदर चेहऱ्यापुढे ओढतेय.
अठराशे वर्षं ओढतेय.
अजून पुरता आला नाही.

आणि तिच्या मांडीवरून आडवी
सुरीची खाच.
कुणी सराफानं, नाहीतर छावणीतल्या खाटकानं
पाहिलं असणार, आत तांबं तर नाही?
वाजवून घ्यायचाही धीर नव्हता.
शीलाबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतंच.

ल्युबिंका खाचेतली माती काढत नाही.
वहीत लिहिते:
वजन तीन पूर्णांक एक ग्रॅम.
खाच जुनी. चांदी खरी.
पुढचा रकाना, 'स्थिती',
पेन तिथे थोडा वेळ थांबतं.

मग काटा पुसून ठेवते,
डबा उघडते: पाव,
भाजलेली लाल मिरची.
बोटं अजून काळी.