हजारात साडेआठ

हजारात सात.
खाणीतून निघालेलं युरेनियम तेवढेच पेटते दाणे देतं,
बाकीचे नऊशे त्र्याण्णव वजनाला.
साध्या पाण्याचं एवढ्यात भागत नाही,
न्यूट्रॉन ते स्वतःच गिळून बसतं.
जड पाणी सोशिक.
आहे त्यात, मंद आचेवर, निभावून नेतं.
म्हणून तर लीमाला, पारानाच्या काठी,
सोन्याच्या मोलाचं हे पाणी भरलं आम्ही,
की समृद्ध करून द्या म्हणत
परक्याच्या दारात उभं राहायला नको.

मी एझेइसाच्या कारखान्यात गोळ्या तपासायचे.
काळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या.
कडेला टवका दिसला की बाजूला.
समोरच्या टेबलावर एर्सीलिया,
दोघींत एकच माते, एकच नळी,
तीही टाळेबंद दाराबाहेर, सुट्टीत.
छत्तीस नळ्यांची एक जुडी,
माणसाच्या तिप्पट उंच,
आडवी ट्रकात निघाली की एर्सीलिया
क्रूस काढायची हवेत. सवयीनं.

मग एचागुए इंजिनिअरनं फळ्यावर लिहिलं:
हजारात साडेआठ.
"दीडच दाणा वाढवायचा.
जुडी जवळपास दुप्पट दिवस जळेल,
विझलेल्यांच्या तळ्यात जागा उरेल."
मागून कुणी थोरियमचं काढलं.
"ते नातवंडांना," तो हसला.
मी विचारलं, दीड दाणा आणायचा कुठून?
खडू झटकत म्हणाला, "विकत."
पुढे कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा फिरत होता.

जुड्या निम्म्या, तर हात निम्मे.
हा हिशेब फळ्यावर नव्हता.
रात्री मुलाच्या वहीत मी तो मांडून पाहिला,
पुसला, परत मांडला.
बरोबरच येत होता.
मार्चअखेर एर्सीलियाचं टेबल
भिंतीला लावलं,
त्यावर कुणी रिकामे खोके ठेवले.
तिनं जाताना दिवा मला दिला,
टवका शोधायचा तो, वाकणाऱ्या मानेचा.
कारखान्याचाच होता खरं तर.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या, रविवारी नदीवर.
पाणवनस्पतींची बेटं वाहत जातात,
तिचा जावई सुरुबीसाठी गळ टाकून झोपतो.
राजमा निवडताना माझ्या बोटाला
अजून टवका आधी कळतो, डोळ्याला नंतर.

अंधार पडला की तो दिवा लावते मी.
कुठल्या दाण्याचा उजेड हा,
सातांतल्या की वरच्या दीडातल्या,
विचारत बसते.
एर्सीलिया म्हणते, मालव आता.
बिल येतं.