नमुना नंबर एक्केचाळीस

शेठनी मुंबईहून आणला तो डबा,
साबणाच्या वडीएवढा, चंदेरी,
आणि माझ्या हातात ठेवला,
कारण घडी खात्यात इंग्रजी वाचणारा मी एकटाच.
"टॉवेलचे फोटो काढ. जर्मनीला पाठवायचेत."

चार पेन्सिल सेल घातले की जागा व्हायचा,
भिंग पुढं सरकवताना खाकरायचा.
दुपारपर्यंत सेल झोपायचे.
नव्या पेठेतला दुकानदार विचारायचा,
"खाता काय बे तुम्ही सेल?"
आणि सेल बदलले की तारीख विसरायचा,
पुन्हा एक जानेवारी, दोन हजार.
मी काढलेलं सगळं त्याच एका दिवशी घडलंय:
गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा,
बहिणीची बारावी,
एमआयडीसीतला संप.

एप्रिलात अक्कलकोट रोडच्या उन्हात
मागचा पडदा पांढराफटक.
अंदाजानं बटण दाबायचं,
शेडमध्ये येऊन बघायचं:
अर्धा टॉवेल, अख्खा अंगठा.
पण मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण,
आणि चूक गेली.
रोल नाही, धुणावळ नाही,
स्टुडिओवाल्याचं "छत्तीसातले नऊच आलेत" नाही.
इतक्या स्वस्तात चुकायला
मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

आणखी एक बटण होतं, फुलाचं.
ते दाबून कापडाच्या अगदी जवळ गेलं की
वीण उघडायची, शेतातल्या ओळींसारखी.
एकदा त्यात एक सुटा धागा दिसला,
तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटलेला.
मल्लेशम मामांनी चष्मा पुसून पाहिलं,
बराच वेळ,
आणि म्हणाले, "माझाच हाय."

लाल मात्र त्याला कधी कळला नाही.
आमचा डाळिंबी त्याच्या पोटात जाऊन
टोमॅटो व्हायचा.
जर्मनीनं टोमॅटो पसंत केला, आम्ही डाळिंबी पाठवला,
तीनशे डझन परत आले.
शेठ माझ्यावर ओरडले, मी डब्यावर.
मामा म्हणाले, "कच्चा डोळा हाय त्याचा.
मला पण रंग ओळखायला सहा वर्षं लागली."

चालत्या मागावर धोटा सापडलाच नाही,
नुसती धूसर रेघ.
झूम केलं तर माणसांच्या विटा व्हायच्या.
आणि बटण दाबल्यावर तो थांबायचा,
विचार करायचा,
मग टिपायचा.
तेवढ्यात मामांनी ओढून ताणून आणलेलं तोंड
गळून पडलेलं असायचं,
हात मागाकडं निघालेला,
ओठ तेलुगूत काहीतरी म्हणत अर्धे उघडे.
मी म्हणायचो, बिघडला.
पुन्हा उभं करायचो.

कार्डात सोळा मावायचे. सतराव्यासाठी
कुणीतरी जायला लागायचं.
एका संध्याकाळी कुरिअरची गाडी दारात,
निळ्या काठाचा हातरुमाल बाकी,
नमुना नंबर एक्केचाळीस.
मी मामांना पुसलं.
उद्या काढू, म्हटलं,
कुठं जातायत.

माग किलोवर गेले. शेडमध्ये आता
लग्नाच्या खुर्च्या ठेवतात.
डबा माझ्या कपाटात आहे,
सेलच्या घरात हिरवा गंज.
नमुना एक्केचाळीसचा फोटो अजून आहे,
उत्तम आलाय. ऑर्डर आली नव्हती.

परवा विजापूर रोडला मामा भेटले,
एका सोसायटीच्या गेटवर, निळ्या गणवेशात.
मी फोन काढला. ते ताठ झाले,
टोपी सरळ केली,
श्वास धरून उभे.
"झाला, मामा."
"झाला?"
"केव्हाच."
तरी हलले नाहीत. तो जुना डबा
विचार करायला जेवढा वेळ घ्यायचा,
तेवढं मोजून थांबले,
मग खांदे सोडले, गेटकडं वळले,
कुणाच्या तरी स्कूटरला हात करत
अर्धवट काही म्हणाले,

आणि माझा फोन
खिशात गेला होता.