श्वास सोडा

अशोक चौकात, येमूलशेठच्या युनिफॉर्मच्या दुकानात
मापं घ्यायला मी. नऊ वर्षं झाली.
पुरुषांची मापं आधी जनार्दन घ्यायचा,
तो सुरतेला गेला, तेव्हापासून सगळ्यांचीच मी.
टेप गळ्यात, पेन्सिल कानावर,
पंखा फक्त शेठच्या डोक्यावर.

नर्सिंगच्या पोरी घोळक्यानं येतात.
टेप कमरेला लागायच्या आत
पोट पाठीला टेकवतात.
श्वास सोडा गं, म्हणते मी,
बारा तास ड्यूटी करायचीय ह्या ड्रेसात.
बिराजदारांची सुवर्णा कानाशी आली,
"अक्का, आकडा मोठ्यानं सांगू नका."
तेव्हापासून सांगत नाही.
लिहिते, आणि वही उलटी ठेवते.

सिक्युरिटीच्या गणवेशाला येणारी पोरं
श्वास आत ओढून उभी राहतात, घागरीसारखी.
दंडाला टेप लावली की मूठ आवळतात.
"पुढच्या महिन्यात भरेलच की, तेवढंच लिहा."
आता, भरेल त्या दंडाची बाही
आज कशी कापायची?

श्रीशैल पोलीस भरतीतून परत आला.
छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढायला हवी,
त्याची साडेतीन वाढली.
घरात अंडं चालत नाही,
पार्क मैदानाबाहेर गाड्यावर उभ्यानं खातो,
बडीशेप चघळत घरी जातो.
एकोणीस वर्षांचा.
"आतून थोडं पॅडिंग बसेल का? कळणार नाही असं?"
हेच परवा एका मुलीनं विचारलं होतं.
तिनं हळू आवाजात. यानं त्याहून हळू.

तिशीला टेकलेल्या बाया काही मागत नाहीत.
"आधी अशी नव्हते हो," म्हणतात,
मी काही विचारलेलं नसताना,
आणि मोबाइलमधला लग्नाचा फोटो पुढे धरतात.
त्याच वयाचे पुरुष
पट्टा पोटाखाली बांधून चौतीस म्हणतात.
छत्तीस म्हटलं तर माझी टेप खोटी.
म्हणून छत्तीसची पँट शिवते
आणि लेबल लावते चौतीसचं.
शेठला ठाऊक आहे. धंदा आहे.

काल दुपारी लाइट गेली.
ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही.
शेठ जेवायला, शटर अर्धं खाली.
का कुणास ठाऊक, टेप स्वतःभोवती फिरवली.
एकतीस वर्षांत माझं माप
कुणी घेतलेलं नव्हतं,
ब्लाउज जुन्यावरूनच नवा बेतायचा.

आणि बघते तर माझंही पोट आत.
खाकीचे तागे सोडून
दुकानात बघायला कोण होतं?

श्वास सोडा, म्हटलं. मोठ्यानं.
बोटांमधून टेप दोन इंच सरकली.
आकडाही मोठ्यानं वाचला.

बाहेरून कुणीतरी विचारलं,
"अक्का, माप घेता का?"
शटरखाली नुसती पावलं दिसत होती,
धुळीनं माखलेली.
वर कोण आहे, कळेना.