तक्ता ४.७

तुमचा प्रबंध पोचला, डॉक्टर म्सिस्का.
पोस्टातल्या बाईने तो दोनदा तोलला,
विचारलं, एवढं आहे तरी काय यात?
म्हटलं, आमचं गाव.

आभाराच्या पानावर मी आहे शेवटून दुसरा,
'योहाने रिकागवा, क्षेत्र-सहायक'.
लिकागवा हो. पण असू दे,
आमच्या जिभेला तरी ल आणि र कुठे वेगळे कळतात.

सायकल आठवते?
पुढे मी, मागे तुम्ही, मांडीवर टॅब्लेट.
डेड्झाचा चढ लागला की उतरून चालायचात
आणि धाप लागली तरी विचारत राहायचात,
इथे पुरुष बायकोच्या गावी येऊन राहतो कसा?
तुमच्या उत्तरेकडे नवरी जाते आणि गाई येतात.

प्रश्न तिसरा : कुटुंबप्रमुख कोण?
एनिफाच्या दारात तिचा नवरा म्हणाला, मी.
एनिफा शेंगा फोडत होती.
काही बोलली नाही,
एक शेंग फक्त जरा जोरात फुटली.
तुम्ही 'पुरुष' या चौकोनावर बोट ठेवलंत
आणि बराच वेळ ते उचललं नाहीत.

मग खताची कूपनं.
सरकारच्या यादीत नावं एकवीस,
गावात चुली त्रेसष्ट.
ट्रक परत गेला, धूळ बसली,
मुखियाच्या अंगणात चटया अंथरल्या गेल्या
आणि पोती उसवली.
हिशेब सोपा होता. एका पोत्याला तीन चुली.
ताटलीने मापलं, ताटलीवर हात फिरवून.
एनिफाचा नवरा कुरकुरला, पोतं माझ्या नावावर आहे.
ती म्हणाली, हो,
आणि तुझं नाव माझ्या आईच्या जमिनीवर उभं आहे.

तुम्ही हसलात तेव्हा.
मी पाहिलं होतं.

आणि आता तक्ता ४.७ :
'वितरणातील गळती, ६६.७ टक्के'.
दशांशापर्यंत बरोबर आहे, मॅडम,
बेरीज मीच तपासली होती.
त्या रात्री विश्रामगृहात रॉकेलच्या दिव्याखाली
तुम्ही आधी 'वाटणी' लिहिलं होतंत,
मग खोडलंत,
मग खोडलेल्यावर पुन्हा लिहून पुन्हा खोडलंत.
कागद फाटला तिथे.
वाटणीला रकाना नव्हता.
आणि ज्या मोठ्या टेबलासमोर तुम्हाला उभं राहायचं होतं
तिथे रकान्याबाहेर बोललेलं ऐकू जात नसावं.

मी रागावलेलो नाही.
छप्पर तर आमचंही गळतं.
आई खाली मडकं ठेवायची
आणि सकाळी त्याच पाण्याचा चहा.
तुमच्या तक्त्यात ते मडकं दिसलं नाही, एवढंच.

यंदा यादीत नावं अकरा आहेत.
गळती थांबवायला यादी आखूड केली,
असं रेडिओवर एक साहेब सांगत होते.
चुली सहासष्ट झाल्यात.
हिशेब अजून सोपाच आहे. एका पोत्याला सहा.
मक्याच्या प्रत्येक खड्ड्यात पूर्वी
सोड्याच्या बाटलीचं एक झाकण भरून खत पडायचं.
एनिफा आता झाकण अर्धं भरते,
अंगठ्याने सपाट करते,
आणि अंगठ्याला चिकटलेले दाणेसुद्धा
खड्ड्यावर झटकते.

परवा ती म्हणाली, त्या जाड पुस्तकात
आपल्याबद्दल काय आहे ते वाचून दाखव.
मी पान काढलं. दोनशे अकरा.
इंग्रजीतला तो शब्द तिथे बसला होता,
कोरा शर्ट घातलेल्या कारकुनासारखा.
चिचेवात त्याला शब्द आहे. भोक पडलेल्या बादलीसाठी आहे,
नळासाठी आहे,
माणसांसाठी मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.
ती थांबली होती, हात शेंगांत तसाच.

मी वाचलं :
'तीनातले दोन भाग त्यांनी वाटून घेतले.'

एनिफाने मान हलवली.
म्हणाली, मग बरोबर लिहिलंय की बाईंनी.