पकड

अंबाजोगाई. ओपीडी नंबर अकरा.
नळ फिरवता येतो का?
अजिबात त्रास नाही : शून्य. थोडा : एक.
मेहरूनबी मणियार विचारतात,
कोणता नळ? आमचा तर चिंधीनं बांधलाय.

सकाळी आखडलेली बोटं
किती मिनिटांनी सुटतात?
अजान होती, शेजारच्यांचं दूध उतू जातं,
तवर ही मूठ अशीच, बाई.
मी लिहिते : नव्वद.

मग रबरी फुगा देते हातात. दाबा.
काटा साठापर्यंत थरथरत जातो
आणि मागे फिरतो.
असं तीनदा. सरासरी काढायची असते.

याच हातांनी चाळीस वर्षं
मोंढ्यापासून गुरुवार पेठेपर्यंत
बांगड्या भरल्या,
नवरीचा पंजा कणकेसारखा मिटवून,
काच न फुटता.
त्याला रकाना नाही.

कागद पुढं सरकवते. त्या अंगठा उठवतात.
शाई पुसायला मी हात पुढं करते
तर तोच धरतात,
वाकड्या बोटांनी माझी हाडं चाचपत,
डोळे मिटून.

"डावा दोन-चार.
उजव्याला दोन-सहा लागंल.
लई लिहितीस ना."