टाच

देवपुरातल्या त्या नर्सिंग होमची वायरिंग माझीच.
चार वर्षांपूर्वी बाराही खोल्यांत
फरशीपासून साडेचार फुटांवर बेलची बटणं बसवली,
ओळंबा लावून, एका रेषेत.
डॉक्टर म्हणाले, काम सुबक आहे.
सुबकच होतं.

परवा इन्व्हर्टर बघायला गेलो
तर टेबलावर बेलची वही उघडी.
खाट तीन, पाणी. खाट पाच, भांडं. खाट तीन, पुन्हा पाणी.
खाट सात कोरी.
पान उलटलं, कोरी. चैत्रापासून कोरी.
"सुपडू अण्णा फार गुणाचे," रमिला पावरा म्हणाली,
"कध्धी त्रास नाही."

अण्णांना मी ओळखत होतो.
पाचकंदिलाजवळ जिन्याखाली दुकान.
माझ्या लग्नाची पँट त्यांचीच,
कंबरेत दोन बोटं कापड आत दाबून शिवलेली,
"पुढे लागंल भाऊ."
लागलं.
आता उजवं अंग गेलेलं,
डावा हात संधिवातानं मुठीतच अडकलेला,
जीभ एका 'हं'वर थांबलेली.
आणि बटण डोक्यामागे, हातभर वर,
माझ्या रेषेत.

चादरीखाली काहीतरी हलत होतं.
"पायाला चाळा आहे त्यांच्या," रमिला म्हणाली,
"दिवसभर चालूच."
मी चादर सारली.
डावी टाच. खाली, वर. खाली, वर.
मध्येच थांबायची, अण्णा दाराकडे बघायचे,
परत सुरू.
मशीनवर बसल्यासारखा तिरपा पाय.
चैत्रापासून हा माणूस बेल वाजवत होता.
बेलच नव्हती तिथे.

आग्रा रोडवरून शिलाई मशीनच्या मोटारीचं जुनं पेडल आणलं,
दीडशे सांगितले, एकशे वीसला दिलं.
आतला कचरा काढून दोनच तारा ठेवल्या,
पायथ्याशी फळी, फळीवर पेडल,
वर सतरंजीचा तुकडा, टाच सोलू नये म्हणून.
आधी फार कडक निघालं.
स्प्रिंग बदलली तर इतकं हलकं
की कूस बदलवली तरी वाजायचं.
अण्णाच सांगायचे गिऱ्हाइकाला,
आधी टाचून बघायचं, मग शिवायचं.
तिसरी स्प्रिंग बॉलपेनातली. ती बसली.

"दाबा अण्णा."
पॅसेजमध्ये बेल वाजली, सातचा दिवा लागला,
रमिला धावत आली, "काय व्हयनं अण्णा?"
"हं."
तोंडाची डावी बाजू हसली.

रात्री साडेअकराला तिचा फोन.
"भाऊ, एकवीस वेळा वाजवली.
पाणी नको, भांडं नको, गेलं की नुसते बघतात.
आवाज कमी करायचा स्क्रू कुठं असतो?"

असतो. डाव्या अंगाला, बारका, पितळी.
मी म्हटलं, सकाळी बघू.

मग झोप येईना.
अकरा खोल्या बाकी होत्या.
पिशवीतला टेप काढला
आणि अंधारातच, झोपलेल्या बायकोच्या हातापासून
आमच्या भिंतीवरच्या स्विचपर्यंतचं
अंतर मोजलं.