मा.

फ्लेक्सवाल्यानं नाही म्हटलं,
त्याचं दुकान तात्यांच्या मेहुण्याच्या गाळ्यात.
म्हणून ते माझ्याकडे आले, मिरजेत सितारमेकर गल्लीच्या तोंडाशी,
जिथं वाळलेले भोपळे अजून टांगलेले असतात
आणि माझा बोर्ड : दस्तगीर पेंटर,
खाली बारीक अक्षरात, येथे नंबरप्लेट करून मिळतील.

सातजण होते. पुढं कुसुम ऐतवडे,
मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या सिस्टर,
काखेत मांजरपाट
आणि प्लास्टिकच्या पिशवीत पतसंस्थेची पावती.
सगळ्यांकडेच पावत्या. माझ्याकडेही आहे.
तात्यांनी माझं बिल कधी रोख दिलं नाही,
म्हणायचे, दस्तगीर, संस्थेतच ठेव की,
दामदुप्पट.

"लिहा," सिस्टर म्हणाल्या, "हिंदुराव चोर आहे."
पाठक वकील म्हणाले, नुसतं चोर नको,
खटला अजून उभा राहायचाय. प्रश्नचिन्ह टाका.
मुलाणी मास्तर म्हणाले, आणि आधी मा. लावा.
"मा. कशाला?" सिस्टर तडकल्या. "माननीय?"
मास्तर म्हणाले, माजी.

तीस वर्षं हे नाव लिहीत आलो.
बसथांब्यावर, पाणपोईवर, तालमीच्या तुळईवर,
अँब्युलन्सच्या दोन्ही दारांवर,
एकदा तर वाढदिवसाच्या हत्तीच्या झुलीवर.
हात बसलाय ह्या नावावर.
वेलांटीची मान मी जरा जास्त वाकवतो,
अनुस्वार चौकोनी, बर्फीच्या तुकड्यासारखा.
उस्ताद बाबालाल सांगायचे, नाव असं काढ
की वीज गेली तरी वाचता यावं.

मा. ला मी कधी विचारलंच नव्हतं, तू कुणाचा.
तोच म, तोच काना, तेच टिंब.
तात्या खुर्चीवर होते तेव्हाही, उतरले तेव्हाही
मला एक अक्षर बदलावं लागलं नाही.

प्रश्नचिन्ह मात्र वळेना.
ह्या नावाच्या मागं तिकडं कधी हात गेलाच नव्हता.
दोनदा आकडा ओघळला,
मास्तरांनी चिंधीनं टिपला.

सकाळी लक्ष्मी मार्केटच्या घड्याळाखाली दीडशे माणसं,
बहुतेकांचे गुडघे दुखणारे.
घोषणा कुणाला जमेना.
एकजण सवयीनं ओरडला, तात्यासाहेब!
मागच्यांनी सवयीनं म्हटलं, आगे बढो!
मग बराच वेळ सगळे गप्प चालले.

वाटेत संस्थेची इमारत. दाराला सील.
भिंतीवरचा फ्लेक्स फाटून लोंबत होता,
त्याच्या आतून माझंच जुनं काम :
विश्वास हेच भांडवल.
निळ्यावर पांढरं, अक्षरांना करडी सावली.
टवकासुद्धा उडाला नव्हता.
चांगला रंग वापरला होता मी. मी दुसरीकडं बघत चाललो.

बंगल्याच्या गॅलरीत तात्या आले.
बनियनवर शाल, मनगटाला दवाखान्याची पट्टी.
खाली पोलिसांनी दोर धरला.
कुणीतरी पिशवी छातीशी घेतली.
तात्यांनी चष्मा पुसला,
कापडावरून नजर फिरवली, सावकाश,
सहीच्या आधी कागद वाचावा तशी,
आणि म्हणाले,
"अक्षर दस्तगीरचं दिसतंय."

दीडशे माना माझ्याकडं वळल्या.

खरं सांगतो, आधी बरंच वाटलं.
ओळखलं म्हणून.
मग त्या बरं वाटण्याचीच लाज आली,
कानापर्यंत.
"होय," मी म्हणालो.
पुढं तात्या म्हणायचं राहून गेलं.

सिस्टरनी काठी उंच केली. कापडात वारा शिरला,
नाव मधोमध फुगलं
आणि कडेचं प्रश्नचिन्ह, अजून ओलं,
त्यांच्या पांढऱ्या पदराला लागलं.

रात्री ब्रश रॉकेलात बुडवले. लाल सुटेना.
वर्गणीचे दोनशे ऐंशी रुपये, सगळे सुटे,
पावतीशेजारी ठेवले,
मग उचलून पत्र्याच्या डब्यात टाकले.
सोमवारसाठी आणखी तीन कापडं सांगितलीत.
जुना पेपर पसरून
नुसता आकडाच काढत बसलो,
अकराव्या वेळेला जरा वळला.